दिवा लागला, आता गाडी किती जाईल?

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि इंधन

या वेळी निवडलेले प्रश्न एकाच विषयावरचे आहेत : टाकी संपत आली की गाडी किती जाते, त्यात गाडीचं काय नुकसान होतं, आणि वाटेत संपलंच तर काय करायचं. उत्तरं आमच्या तंत्रज्ञ मंडळींनी दिली आहेत. जे आकडे गाडीगणिक बदलतात, ते आपल्या गाडीसाठी कसे काढायचे हेही सांगितलं आहे.

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, टाकी ३७ लिटरची. संध्याकाळी फोर्टहून घरी निघताना बरेचदा पेट्रोलचा पिवळा दिवा लागलेला असतो. ऑफिसातले मित्र म्हणतात, दिवा लागल्यावर पन्नास किलोमीटर हमखास जाते. हे कितपत खरं? — सु. दे., बोरिवली

मोकळ्या हायवेवर, साठच्या वेगाने, बहुतेक गाड्या पन्नास किलोमीटर जातील. संध्याकाळी सहाला फोर्टहून बोरिवली हा हिशेब मात्र वेगळा. दिव्याला किलोमीटर कळत नाहीत. टाकीत ठरावीक लिटर उरले की तो लागतो, एवढंच. ते लिटर किती अंतराला पुरणार हे रस्ता ठरवतो.

लहान आणि मध्यम गाड्यांत साधारणपणे टाकीच्या दहा ते पंधरा टक्के इंधन उरलं की दिवा लागतो. ३७ लिटरच्या टाकीत ते पावणेचार ते साडेपाच लिटर होतं. फरक मोठा आहे, म्हणून ढोबळ आकड्यावर विसंबू नका. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत काही कंपन्या नेमका आकडा देतात. नसेल तर स्वतः काढता येतो. सपाट रस्त्यावर दिवा लागला आणि लागलेलाच राहिला, की थेट जवळच्या पंपावर जा. नोझल हळू वेगावर ठेवायला सांगा. पहिल्यांदा आपोआप कट होईल तिथे थांबा. पैसे सुटसुटीत व्हावेत म्हणून पंपावर पुढे थोडं-थोडं टाकत राहतात, ते टाकू देऊ नका. त्यामुळे हिशेब तर चुकतोच, शिवाय पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा ओला होऊन खराब होतो. आता टाकीच्या क्षमतेतून भरलेले लिटर वजा करा. ३१.५ लिटर बसलं असेल, तर दिवा लागला तेव्हा टाकीत साडेपाच लिटर होतं.

हे तीनदा करा, जमल्यास त्याच पंपावर, आणि तिन्हींतलं सगळ्यांत लहान उत्तर धरा. छापलेली क्षमता आणि नोझल कट होण्याची पातळी तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे अर्धा-एक लिटर इकडेतिकडे होतंच.

या साडेपाचातलं दीड लिटर बाजूला ठेवा. तळाचं थोडं पेट्रोल टाकीतल्या, इंजिनाकडे पेट्रोल पाठवणाऱ्या पंपाला मिळतच नाही, आणि चढावर किंवा वळणावर ते एका बाजूला गेलं की त्याच्याही आधी पंप हवा ओढायला लागतो. हाताशी राहिले चार लिटर. आता याला गुणायचं ते जाहिरातीतल्या अ‍ॅव्हरेजने नव्हे, तर तुमच्या याच रस्त्यावरच्या, याच वेळेच्या सगळ्यांत वाईट अ‍ॅव्हरेजने. गर्दीच्या वेळी एसी लावून दहाचं अ‍ॅव्हरेज धरलं तर चाळीस किलोमीटर. फोर्ट ते बोरिवली पस्तीसच्या आसपास. म्हणजे कागदावर तुम्ही पोचलात. पण एसी लावून जागेवर उभ्या असलेल्या १.२ लिटरच्या इंजिनाला तासाला साधारण एक लिटर किंवा थोडं जास्तच लागतं. एसी बंद असेल तर पाऊण लिटरच्या आसपास. अंधेरीच्या पुढे एखादा ट्रक आडवा झाला आणि तासभर अडकलात, की चाक न फिरता दहा-बारा किलोमीटर गेले. मग बोरिवली येत नाही.

म्हणून मुंबईत रिझर्व्ह किलोमीटरमध्ये न मोजता तासांत मोजावं असं आम्ही आग्रहाने सांगतो. चार लिटर म्हणजे एसी लावून जागेवर जेमतेम साडेतीन तास. आणि पाव टाकी हीच रिकामी टाकी समजावी. तुमच्या गाडीत पाव टाकी म्हणजे सव्वानऊ लिटर, त्यात रस्ता कितीही तुंबला तरी घर गाठता येतं.

निघतानाच दिवा लागलेला असेल तर हायवेला लागण्याआधी भरून घ्या. पश्चिम द्रुतगती मार्ग माहीमपासून दहिसरपर्यंत सुमारे २५ किलोमीटरचा आहे. त्यावर आणि आसपास पंप आहेत, पण पंप आपल्याच बाजूला असायला हवा. पलीकडच्या पंपासाठी पुढच्या पुलाखालून वळून यायचं म्हणजे गर्दीच्या वेळी अर्धा लिटर सहज जातं. भरण्याआधी थोडं अंतर काटायचंच असेल, तर एसी बंद करा, ४० ते ६० च्या दरम्यान एकसारखा वेग ठेवा, गाडीला जड न जाता जेवढा वरचा गिअर घेता येईल तेवढा घ्या, आणि पुढचा सिग्नल लाल दिसला की ब्रेक दाबण्याआधीच अ‍ॅक्सिलरेटर सोडा.

प्रश्न : पुण्याहून येताना सायनला पोचलो तेव्हा डॅशबोर्डवर अजून ४१ किलोमीटर जाईल असं दिसत होतं. घाटकोपरपर्यंत जाईतो तो आकडा १२ वर आला आणि मग नुसत्या रेघा. मीटर बिघडलं का? — अ. कु., भांडुप

नाही, मीटरने बरोबर तेच केलं जे त्याला करायला बनवलं आहे. उरलेलं इंधन गुणिले नुकतंच मिळालेलं अ‍ॅव्हरेज, एवढंच हे गणित असतं. एक्सप्रेसवेवर तुम्हाला लिटरला वीस मिळत होते, म्हणजे ४१ किलोमीटरमागे मीटरच्या हिशेबात जेमतेम दोन लिटर होते. पुढचे सातेक किलोमीटर सरकत-थांबत गेलात, अ‍ॅव्हरेज नऊवर आलं, त्यात पाऊण लिटरच्या आसपास संपलं. उरलेलं सव्वा लिटर गुणिले नऊ म्हणजे साधारण अकरा-बारा. आकडा जुळतो.

रेघा दिसणं हाही बिघाड नाही. इंधन ठरावीक पातळीखाली गेलं की टाकीत तरंगून पातळी मोजणाऱ्या फ्लोटच्या मापावर फार भरवसा ठेवता येत नाही, म्हणून बऱ्याच कंपन्या तिथून आकडा दाखवणंच बंद करतात. शून्य किंवा रेघा आल्यावरही टाकीत थोडं पेट्रोल असतं. ते किती, हे प्रत्येक कंपनीने वेगळं ठरवलेलं असतं. त्यावर बेत आखू नका. हायवेवरून शहरात शिरताना दिसणारा आकडा सरळ निम्मा करायचा, ही सवय चांगली.

प्रश्न : दोनशे रुपयांचं पेट्रोल टाकलं तरी काटा जागचा हलला नाही. पंपावर फसवणूक झाली का? — वि. रा., परळ

फसवणूक झालीच नसेल असं इथे बसून सांगता येणार नाही, पण नुसता काटा हलला नाही यावरून तसं म्हणता येत नाही. मुंबईत मे २०२१ मध्ये पेट्रोलने शंभरी ओलांडली. दोनशे रुपयांत दोन लिटरही येत नाही.

टाकीत एका दांडीला फ्लोट बसवलेला असतो. पेट्रोलबरोबर तो वरखाली होतो, दांडीचं दुसरं टोक एका रोधकाच्या (विजेचा प्रवाह अडवणाऱ्या) पट्टीवर घासत सरकतं, आणि त्या रोधावरून काटा ठरतो. गाडी हलताना पेट्रोल टाकीत हिंदकळतं. त्याबरोबर काटा नाचू नये म्हणून मीटर मुद्दाम सुस्त ठेवलेलं असतं. किल्ली बंद करून पेट्रोल भरलं आणि पातळीत चांगला चार-पाच लिटरचा फरक पडला, तर बऱ्याच गाड्या किल्ली ऑन करताच नवा आकडा घेतात. इंजिन चालू ठेवून किंवा लिटर-दीड लिटर टाकलं, तर काटा हळूहळू, काही किलोमीटर गेल्यावर सरकतो. इंजिन बंद करणं तर सुरक्षिततेसाठीही हवंच.

मापाची शंका असेल, तर प्रत्येक पंपावर वजनमापे विभागाने शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं. ते मागून तुमच्यासमोर भरून दाखवायला सांगण्याचा ग्राहक म्हणून तुम्हाला हक्क आहे.

काटा अचानक शून्यावर पडून पुन्हा वर येत असेल, किंवा एकाच जागी अडकत असेल, तर ती रोधकाची पट्टी झिजली किंवा तिच्यावर थर चढला असं समजा. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असतं, तिथून पंप आणि फ्लोटचा संच बाहेर काढता येतो. काही गाड्यांत फ्लोटचा भाग सुटा मिळतो, काहींत पूर्ण संचच बदलावा लागतो. मेकॅनिकला आधी हे विचारा, खर्चात मोठा फरक पडतो. आणि हे काम टाकी जवळजवळ रिकामी असताना, मोकळ्या हवेत, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढूनच व्हायला हवं.

प्रश्न : खंडाळ्याचा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला मी गाडी न्यूट्रल करतो. टाकी कमी असेल तेव्हा तर नक्कीच. बरोबर आहे ना? — म. शि., ठाणे

चूक आहे, आणि घातकही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत उतारावर गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला, की गाडीतला संगणक इंजिनात पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात आणि पेट्रोल शून्य लागतं. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त जळतं, इंजिनाचा ब्रेक मिळत नाही, आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात.

चढताना मात्र टाकीकडे नीट बघा. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत गाडी सुमारे साडेपाचशे मीटर उंच चढते. माणसांसह १,२०० किलोची गाडी एवढी उचलायलाच पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं, रस्त्याचं नेहमीचं पेट्रोल वेगळं. त्यात चढावर टाकीतलं पेट्रोल मागच्या बाजूला जमतं. फ्लोट आणि पंप कुठल्या बाजूला बसवले आहेत त्यावर काटा जास्त दाखवेल की कमी हे ठरतं. घाटाआधी दिवा लागला असेल तर खालापूरच्या बाजूला भरूनच वर चढा.

प्रश्न : सतत रिझर्व्हवर गाडी चालवली की टाकीच्या तळाचा कचरा इंजिनात जातो म्हणतात. खरं आहे का? — प्र. ग., डोंबिवली

कचऱ्याची भीती बरीचशी चुकीची आहे. पंपाचं तोंड टाकीच्या तळाशीच असतं, म्हणून टाकी भरलेली असली तरी पेट्रोल तळातूनच ओढलं जातं. शिवाय तोंडाला जाळी असते आणि पुढे फिल्टर. तळाचा कचरा रिझर्व्हसाठी राखून ठेवलेला नसतो.

खरं नुकसान पंपाचं होतं. आजच्या गाड्यांत इलेक्ट्रिक पंप टाकीच्या आत असतो. आतल्या मोटरमधून पेट्रोल वाहत जातं, तेच तिला थंड ठेवतं आणि तेच वंगणाचंही काम करतं. पंप एका छोट्या वाडग्यासारख्या भांड्यात बसवलेला असतो, म्हणजे पातळी खाली गेली तरी त्याच्याभोवती पेट्रोल राहावं. पातळी फारच खाली गेली की हे भांडंही भरेनासं होतं. वळणावर, स्पीडब्रेकरवर, जोरात ब्रेक लावल्यावर पंप क्षणभर हवा ओढतो. तेवढ्यात तो तापतो, आणि आतले ब्रश व फिरणारे भाग झिजतात. शिवाय जे थोडं पेट्रोल उरलं आहे तेच पुन्हापुन्हा फिरून गरम होतं. एकदा-दोनदा झालं तर काही बिघडत नाही. वर्षानुवर्षं दिवा लागेपर्यंत चालवायची सवय असेल, तर पंप वेळेआधी जातो.

पंप कमकुवत झाल्याची लक्षणं ओळखून ठेवा : सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागणं, ओव्हरटेक करताना किंवा चढावर गाडीने दम सोडणं, मागच्या सीटखालून सतत ऐकू येणारी किरकिर. ज्या गाड्यांत इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडतात, त्यांत इंजिनावर आणखी एक जास्त दाबाचा पंप असतो. त्यालाही वंगण पेट्रोलचंच मिळतं, आणि तो महाग असतो.

शेवटच्या थेंबांवर इंजिन धक्के देत चालतं, तेव्हा आणखी एक गोष्ट होते. काही सिलिंडरमध्ये ज्वलन होत नाही, न जळलेलं मिश्रण सायलेन्सरकडे जातं आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. तो तापून आतून खराब होऊ शकतो. धक्के सुरू झाले की गाडी पुढे रेटू नका.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलने अ‍ॅव्हरेज पडतं का, असंही आपण पत्रात विचारलं आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. वीस टक्के मिश्रणात म्हणून शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा सहा-सात टक्के कमी मिळते. जुन्या पेट्रोलवर काढलेला रिझर्व्हचा हिशेब अजून वापरत असाल, तर तो नव्याने काढा.

प्रश्न : गाडी सीएनजीवर चालते. पेट्रोल फक्त नावाला, काटा कायम शेवटच्या रेघेवर. काही हरकत आहे का? — रा. म., कांदिवली

हरकत आहे. मुंबईत सीएनजीवाल्यांकडून सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच.

सीएनजी संपला की गाडी आपोआप पेट्रोलवर जाते, आणि ते नेमकं रांगेत, पुलावर किंवा रात्री घडतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये वडाळ्याच्या सिटी गेट स्टेशनला (शहराला गॅस पुरवणाऱ्या केंद्राला) येणारा गॅस मुख्य वाहिनीच्या नुकसानीमुळे तुटला आणि शहरभर सीएनजीचे बरेच पंप बंद पडले. तेव्हा ज्यांच्या टाकीत दहा लिटर पेट्रोल होतं त्यांच्या गाड्या चालू राहिल्या.

दुसरं कारण यांत्रिक आहे. बऱ्याच गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि इंजिन थोडं गरम झालं की गॅसवर जातात. बाहेरून बसवलेल्या काही किटमध्ये गॅसवर चालतानाही पेट्रोलचा पंप फिरतच राहतो. टाकीत दोन लिटर असेल तर तो दिवसभर त्या दोन लिटरातच गरगरतो आणि तापतो. आपल्या किटमध्ये गॅसवर गेल्यावर पंप बंद करणारा रिले आहे का, ते फिटरला विचारा. नसेल तर बसवून घ्या.

निदान पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा, आणि आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. त्याने इंजेक्टर चिकटत नाहीत आणि टाकीतलं पेट्रोल शिळंही होत नाही. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलमधला हलका, लवकर पेटणारा भाग उडून जातो. ऐन वेळी गॅस संपला की गाडी सुरू व्हायला त्रास देते.

प्रश्न : अटल सेतूवरून उरणला रोज जाणं असतं. तिथे किंवा कोस्टल रोडच्या बोगद्यात पेट्रोल संपलं तर काय करावं? — नी. पा., शिवडी

आधी अंतर लक्षात घ्या. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे, त्यातला १६.५ किलोमीटर समुद्रावर. शिवडीला चढलात की उलव्याच्या बाजूला उतरेपर्यंत वळायची सोय नाही आणि सेतूवर पंप नाही. ईस्टर्न फ्रीवे १६.८ किलोमीटर, मरीन ड्राइव्ह ते वरळीचा कोस्टल रोड १०.५८ किलोमीटर, वांद्रे-वरळी सी-लिंक ५.६ किलोमीटर, यांपैकी कशावरच पंप नाही. दक्षिण मुंबईतून फ्रीवेने येऊन सेतूवर चढणाऱ्याला तर सलग तीसेक किलोमीटर पंपच भेटत नाही. समुद्रावर वारा समोरून असू शकतो, वेगमर्यादा १०० ची असल्याने पायही जड होतो, आणि अ‍ॅव्हरेज पडतं. दिवा लागलेला असताना सेतूवर चढू नका.

तरी धक्के बसायला लागले, तर क्रम असा ठेवा. एसी लगेच बंद करा, चारही इंडिकेटर लावा. गाडी वेगात आहे तोवरच डावीकडे घ्या. उरलेला वेग हीच तुमची शिल्लक, तो ब्रेक मारून घालवू नका. इंजिन बंद पडलं की न्यूट्रल करा, पण चालत्या गाडीत किल्ली पूर्ण मागे फिरवू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. पॉवर गेल्यावर स्टिअरिंग जड होतं, दोन्ही हातांनी जोर लावला की वळतं. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्युम उरलेला असतो, म्हणून ब्रेक पंप करत बसू नका. एकदाच, सावकाश आणि घट्ट दाबून गाडी कडेला उभी करा. मग हँडब्रेक.

खाली उतरायचं ते रहदारीच्या विरुद्ध बाजूने, म्हणजे डाव्या दारातून. उजवीकडे बसलेल्यांनीही डावीकडूनच उतरावं. परावर्तक त्रिकोण वेगवान रस्त्यावर गाडीच्या मागे किमान ५० मीटरवर, जमल्यास त्याहूनही लांब ठेवा. माणसांनी कठड्यापलीकडे किंवा गाडीच्या पुढे लांब उभं राहावं, गाडीत बसू नये. बोगद्यात चालत मदत शोधायला निघू नका, भिंतीवरच्या आपत्कालीन फोनवरून सांगा. कुठूनही ११२ लागतो. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३.

आणखी एक : बंद गाडीने रस्ता अडवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम २०१ नुसार दंड आणि गाडी ओढून नेण्याचा खर्च भरावा लागतो. विम्यात रस्त्यावरील मदतीची सोय घेतली असेल, तर बऱ्याच पॉलिसींत पाच लिटरपर्यंत इंधन आणून देतात, इंधनाचे पैसे वेगळे घेऊन. तो फोन नंबर आजच मोबाईलमध्ये साठवा.

प्रश्न : डिझेल एसयूव्ही पूर्ण रिकामी होऊन बंद पडली. डबाभर डिझेल टाकलं तरी सुरू होईना. मेकॅनिक म्हणाला, एअर घेतली. पेट्रोल गाडीला असं होत नाही का? — सं. ज., पनवेल

पेट्रोल गाडीला बहुधा होत नाही. पाच लिटर टाकायचं, गाडी उतारावर उभी असेल तर जास्त. किल्ली ऑन करून दोन-तीन सेकंद थांबायचं, बंद करायचं. असं तीन-चार वेळा. दर वेळी पंप दोनेक सेकंद फिरून पाइपमध्ये दाब आणतो. मग सेल्फ. बहुतेक गाड्या लगेच सुरू होतात.

डिझेलमध्ये इंजेक्शनला प्रचंड दाब लागतो. पाइपात हवा शिरली की ती दाबली जाते आणि दाब तयारच होत नाही. किमान पाच, शक्य असेल तर दहा लिटर डिझेल टाका. फिल्टरजवळ हाताने दाबायचा रबरी किंवा प्लास्टिकचा प्रायमर (छोटा हातपंप) आहे का पाहा. असेल तर तो घट्ट लागेपर्यंत दाबत राहा, वीस-तीस वेळा तरी लागतं. फिल्टरवर हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो थोडा सैल करून, बुडबुडे थांबून अखंड डिझेल आलं की आवळा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाड्यांत किल्ली ऑन-ऑफ करून तेच काम होतं. मग सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर स्टार्टर जळेल आणि बॅटरी उतरेल. पाच-सहा प्रयत्नांत झालं नाही तर थांबा. काही मॉडेलमध्ये हवा काढायला कंपनीचा स्कॅनर लागतो.

धक्का मारून सुरू करायचा प्रयत्न करू नका. जास्त दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं. तो कोरडा फिरला तर आतला धातू घासून त्याचा कीस इंजेक्टरपर्यंत जातो, आणि मग पंप, रेल (इंजेक्टरना डिझेल पुरवणारी नळी), इंजेक्टर सगळंच बदलायची वेळ येते. डिझेल टाकी कोरडी होऊ न देणं पेट्रोलपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे ते यासाठी. ज्या डिझेल गाड्यांना युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते, त्यांनी तिच्यावरही लक्ष ठेवावं. ती रिकामी झाली की एकदा बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू होत नाही, डिझेल कितीही असो.

प्रश्न : अडीअडचणीला डिकीत पाच लिटरचा पेट्रोलचा डबा ठेवावा का? — के. भो., विक्रोळी

नाही. उन्हात उभ्या गाडीची डिकी चांगलीच तापते, आणि मागून धडक बसली तर तो डबाच पहिला फुटतो. कायद्यात विक्रीसाठी नसलेलं तीस लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना बाळगता येतं, पण धातूच्या डब्यात. काचेच्या भांड्यात एक लिटरपेक्षा जास्त नाही. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत पंपवाले पेट्रोल देत नाहीत आणि देऊही नये. अशी बाटली पेट्रोलसाठी बनवलेली नसते, आणि ओतताना स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोका असतो.

गाडी बंद पडली म्हणून पंपावरून डबा भरून लोकलने परत येण्याचा विचारही नको. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली ज्वलनशील माल रेल्वेच्या डब्यात नेणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. रिक्षाने या, झाकण घट्ट असलेल्या धातूच्या डब्यात आणा, तोही जमिनीवर ठेवूनच भरा.

प्रश्न : पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवावी, की पाणी शिरेल म्हणून कमी ठेवावी? — मा. त., कुर्ला

भरलेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि हजारो गाड्या रात्रभर रस्त्यावरच अडकल्या. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे भरले की अजूनही तासन्‌तास हलता येत नाही. जून ते सप्टेंबर निम्म्या टाकीखाली जाऊ नका. रिकाम्या टाकीत दमट हवा जास्त राहते, आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा शोषतं. पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळे होतात आणि पंप तेच ओढतो. गाडी नियमित चालत असेल तर हा धोका लहान आहे. महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी फुल करून ठेवा.

अडकलात आणि सायलेन्सर पाण्याखाली गेला, तर एसीसाठी इंजिन चालू ठेवून काचा बंद करून बसू नका. विषारी वायू आत येतो, त्याला वास नसतो. इंजिन बंद करा, बाहेर पडा.

प्रश्न : मोटरसायकल रिझर्व्हवरही संपली की लोक ती आडवी करतात. त्याने खरंच जाते का? — ओं. सा., विरार

कॉक (पेट्रोल सोडणारी तोटी) असलेल्या जुन्या गाडीत जाते. मोटरसायकलची टाकी फ्रेमवर खोगिरासारखी बसते, दोन्ही बाजूंना पोकळी असते, आणि कॉक एकाच बाजूला. पलीकडे अडकलेलं पेट्रोल कॉकच्या बाजूला आणायला गाडी त्या बाजूला कलती करायची, मग सरळ करून सेल्फ मारायचा. पंपापर्यंत जाण्यापुरतं मिळतं, किती ते टाकीच्या आकारावर. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत रिझर्व्हचा कॉकच नसतो, फक्त दिवा असतो. त्यांतही कलती करून थोडं मिळेल, पण पंप कोरडा फिरायचा धोका तिथेही आहे. स्कूटरची टाकी बहुतेक सीटखाली किंवा पायाखाली सपाट असते. तिथे कलती करून काही हाती लागत नाही, ढकलतच न्यावी लागते.